आठ गुणिले बेचाळीस

आमच्या सोसायटीत काकांना ‘बेचाळीसवाले’ म्हणतात, आणि त्यातून घोटाळे होतात. एका स्वातंत्र्यदिनाला नव्या सेक्रेटरींनी ‘बेचाळीसच्या लढ्यातले आपले एकमेव सभासद’ म्हणून झेंड्याची दोरी त्यांच्याच हाती दिली. काकांचा जन्म १९५८चा. पण त्यांनी दोरी ओढली, शाल घेतली, नारळ घेतला आणि सत्काराला उत्तर म्हणून पंचवीस मिनिटं बोलले. विषय होता, पक्षी बघायला १०×४२ दुर्बिणीपेक्षा ८×४२ का बरी. चले जाव म्हणायची पाळी श्रोत्यांवर आली होती.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्याच तोंडाने. लिफ्टमध्ये सहज म्हणालो, “एखादी दुर्बीण घ्यावी म्हणतो.” काकांनी लिफ्टचं दार पायाने अडवलं. “कशासाठी? पक्षी, फुलपाखरं, की ताडोबाला जिप्सीतून?” मी म्हटलं, सगळ्यासाठीच. “सगळ्यासाठी कढईसुद्धा एक नसते,” असं म्हणून ते मला घरी घेऊन गेले.

मग पत्रिका पाहिली. वय किती, चष्मा कशाचा, हात थरथरतो का, मान धरते का. खिडकीचा पडदा ओढून त्यांनी माझ्या डोळ्यांवर बॅटरी मारली. “पंचावन्न ना? तुझी बाहुली अंधारात पाच मिलिमीटरच्या वर उघडायची नाही. पोरवयात सातपर्यंत जाते. आता बेचाळीस भागिले आठ किती?” मी बोटं मोजू लागलो. “सव्वापाच! दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा झोत सव्वापाच आणि तुझी बाहुली पाच. छत्तीस गुण जुळले. सात मिलिमीटरचा झोत घेऊन उरलेला प्रकाश सांडणार कुठे, शर्टावर?”

आकडा मोठा तेवढी दुर्बीण चांगली, असं समजणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. त्यांच्या भाच्याने कौतुकाने २०×५० आणली होती. काकांनी ती त्याच्या डोळ्यांना लावली आणि समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. भाच्याला टाकी दिसली, पण ती नाचत होती. “पक्षी वीसपट मोठा होतो, तशी हाताची थरथरही वीसपट होते. शिवाय झोत उरतो अडीच मिलिमीटरचा. संध्याकाळी या दुर्बिणीतून रात्र लवकर होते.” महाबळेश्वरच्या एका पॉइंटवर दुर्बीणवाल्याशीही त्यांनी असाच वाद घातला होता. त्याचं म्हणणं, “साहेब, माझी तिपाईवर आहे, ती कुठं नाचती?” मुद्दा बिनतोड होता. काकांनी तो मान्य केला, त्याच्या तिपाईचे स्क्रू पिळून दिले आणि प्रतापगड न बघताच परत आले.

काकांच्या घरात दोन घराणी नांदतात, पोरो आणि रूफ. पोरो नावाच्या इटालियन गृहस्थाने १८५४ साली प्रिझमच्या जोडीचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाच्या दुर्बिणी खांदे रुंद असलेल्या, जुन्या सिनेमातल्या लष्करी अधिकाऱ्याच्या गळ्यात असतात तशा. रूफ म्हणजे दोन सरळ नळ्या. त्या आटोपशीर असतात, पण आतलं काम नाजूक, म्हणून चांगली हवी तर पैसे जास्त. पोरो दुर्बिणीतलं प्रिझम कोणत्या काचेचं, हे ओळखायची काकांची रीत सोपी आहे. दुर्बीण हात लांब करून धरायची आणि उजेडाकडे रोखून डोळ्याकडच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका बघायचा. तो कडेपर्यंत गोल दिसला तर काच उंची. कडा छाटून चौकोनी झाल्यासारखा दिसला तर स्वस्तातली. पाहुण्यांची दुर्बीण दिसली की काका ही परीक्षा दारातच घेतात, मग पाणी विचारतात. काकूंचं यावर एकच वाक्य आहे : “पोरं मी वाढवली, छप्पर माझ्या वडिलांनी दिलं. यांनी फक्त प्रिझम सांभाळले.”

पावसाळ्यात तर घरात सुतक असल्यासारखं असतं. दमट हवेने भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा धरली की काच खाते. आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेल्या दुर्बिणीत धुकं धरत नाही, पण बाहेरच्या काचेचं काय? म्हणून जून ते सप्टेंबर काकांच्या दुर्बिणी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. डबा चकलीचा. दिवाळीत डबा रिकामा करून मागताना काकूंचा आवाज चढतो, आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या सहलीला काकांनी दुर्बीण हाती दिली की ओव्याचा वास येतो.

मुलीकडे स्टुटगार्टला गेले असताना जावयाच्या ओळखीच्या एका शिकाऱ्याने त्यांना मचाणावर नेलं होतं. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली. तिकडे परवाना काढून ती चालते आणि रानडुकरं तिन्हीसांजेला बाहेर पडतात. म्हणून शिकाऱ्याच्या गळ्यात ८×५६. वजनाला किलोच्या वर, पण झोत पुरा सात मिलिमीटरचा. काकांना हे सारं कळत होतं, पण अट एकच होती : बोलायचं नाही. तीन तास! शेजारी दुर्बिणीतला जाणकार आणि तोंडाला कुलूप. शेवटी काळोख दाटला, शिकाऱ्याने आपली दुर्बीण त्यांच्याकडे सरकवली, आणि साध्या डोळ्यांना नुसता काळा ढीग दिसत होता तिथे काकांना डुकराच्या मानेवरचा एकेक केस दिसला. “सात मिलिमीटर!” काका मराठीत ओरडले. डुक्कर जर्मन असूनही त्याला समजलं. शिकाऱ्याने त्यानंतर त्यांना परत बोलावलं नाही. काका मात्र एक जीव वाचवल्याचं पुण्य आपल्या खाती मांडतात. काकांची स्वतःची बाहुली पाचाच्या पुढे उघडत नाही, तर त्यांना सातातले उरलेले दोन कुठे मिळाले, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. त्या दिवशी चहा लवकर आटोपला.

खरे काका बघायचे तर भिगवणला, उजनीच्या पाण्यावर. त्यांना दुर्बीण द्यायला फार आवडतं. असल्या माणसांत हा गुण दुर्मीळच. पण ती ते नुसती देत नाहीत, लावून देतात. गेल्या जानेवारीत होडीत आम्ही सहा जण होतो. रोहित पक्ष्यांपाशी सगळं सुरळीत पार पडलं, कारण रोहित तासन् तास चिखलात चोच घालून उभे असतात. मग पाण्यातल्या वठलेल्या झाडावर ऑस्प्रे दिसला, पंजात मासा धरलेला. काकांनी तत्काळ स्वतःच्या गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. “चष्मा आहे ना? मग आयकप खाली. आता उजवी नळी हाताने झाक. डाव्या डोळ्याने बघ आणि मधलं चाक फिरव. स्पष्ट? आता डावी झाक. मधल्या चाकाला हात नाही लावायचा! उजव्या डोळ्याजवळची रिंग फिरव. दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, तो फरक ही रिंग भरून काढते. एकदा लावली की जन्माची. कोपरं छातीशी. आता आधी पक्ष्याकडे बघ, नजर हलवू नको, आणि दुर्बीण वर आण.”

मी दुर्बीण वर आणली. आयुष्यात इतकं स्वच्छ, इतकं रेखीव, इतकं रिकामं झाड मी पाहिलं नव्हतं.

“त्यो मगाच गेला, सायेब,” नावाडी म्हणाला. “मासा खाऊन, चोच पुसून गेला.”

काकांचं सगळं बरोबर असतं. फक्त पक्ष्याला तेवढा वेळ नसतो. आणि दुर्बीण सदा कुणाच्या तरी गळ्यात असल्याने काकांनाही तो दिसलेला नसतो.

आठ महिन्यांनी माझ्या दुर्बिणीला त्यांची संमती मिळाली. अर्थात ८×४२. पार्सल त्यांनीच फोडलं, काचेवर श्वास सोडून पाहिला, माझी रिंग लावली आणि काकूंच्या नेलपॉलिशने तिच्यावर लाल खूण केली. मार्चमधल्या एका सकाळी मी ती घेऊन मुद्दाम एकटाच सिंहगडाच्या पायथ्याला गेलो. ओढ्यावर स्वर्गीय नर्तक आला. पांढराशुभ्र नर, फितीसारखी लांब शेपटी. पाण्यात सूर मारायचा, फांदीवर येऊन पिसं साफ करायचा, पुन्हा सूर. वीस मिनिटं मी जागचा हललो नाही. गाडीपर्यंत येताच काकांना फोन लावला.

“काका, नर्तक दिसला!”

“कडेपर्यंत शार्प होता?”

“काका, पांढरा नर होता. अगदी जवळ.”

“ते असू दे. कडेचं सांग.”

“शार्प होता. फक्त सूर मारायचा तेव्हा शेपटी चौकटीबाहेर जायची.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मागे कुकरची शिट्टी झाली.

“चुकलंच माझं,” काका म्हणाले. “तुझ्यासाठी सात-बाय-बेचाळीसच बघायला हवी होती. चौकट जरा रुंद मिळाली असती. हल्ली फार कुणी बनवत नाही ती, पण शोधू. रविवारी ये. आणि चष्म्याचा नंबर नवा काढून आण.”