जरासा डावीकडे

आमच्या भावोजींच्या डोंबिवलीच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी टँकपुढे उभं राहावं लागतं. ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच काच. साडेचारशे लिटर खारं पाणी. आत खडक, क्लाउनफिशची जोडी आणि मऊ प्रवाळांची वस्ती. पाहुणा सभ्यपणाने म्हणतो, "वा, काय गोड मासे आहेत!" भावोजींचा चेहरा पडतो. "मासे राहू द्या हो. पाणी बघा. पाणी कसं फिरतंय!"

आता स्वच्छ पाणी फिरताना दिसणार कसं? पाहुणा बिचारा सत्यनारायणाच्या कथेला डोलावतात तशी मान डोलावतो.

समुद्री टँक पाळणाऱ्यांत पोटजाती आहेत. कुणी दिव्यांचे वेडे, कुणी रोज टेस्ट किटच्या नळ्या उन्हात धरून बघणारे. भावोजी वेव्हमेकरवाले. वेव्हमेकर म्हणजे मुठीएवढा, पंखा असलेला पंप. त्याचा एक चुंबक काचेच्या आत, दुसरा बाहेर. बाहेरचा सरकवला की आतलाही सरकतो. ही सोय ज्या कुणी काढली, त्याचं ताई कधी भलं चिंतणार नाही. स्क्रूने बसवायचे असते, तर एकदाचे बसले असते.

शास्त्र मात्र भावोजींच्या बाजूचं आहे, हे कबूल केलं पाहिजे. प्रवाळ जागचं हलत नाही. त्याचं खाणं आणि प्राणवायू पाण्यानेच आणून द्यायचा आणि घाणही पाण्यानेच उचलून न्यायची. सरळ झोत सतत अंगावर आला तर बिचाऱ्याचं मांस सोलवटतं. झोत पोचलाच नाही तर खडकामागे कचरा साचतो आणि त्यावर तांबडं, बुळबुळीत शेवाळ धरतं. ती जागा म्हणजे 'डेड स्पॉट'. हा शब्द भावोजी घरात चोर शिरल्यासारखा, आवाज खाली आणून उच्चारतात. म्हणून दोन पंप समोरासमोर, थोडे तिरके. दोन्ही झोत मध्ये कुठेतरी आपटून पाण्याचा गोंधळ उडाला पाहिजे. एकाचं तोंड किंचित वर, म्हणजे पृष्ठभाग हलता राहून प्राणवायू मिसळतो. फार वर गेला तर तो हवा ओढतो आणि रात्रभर गुळण्या केल्यासारखा आवाज करतो. फार खाली गेला तर वाळू उडते. मऊ प्रवाळांना तासाला टँकच्या १० ते २० पट पाणी फिरलं की भागतं. भावोजींनी अर्थातच २० धरले, म्हणजे तासाला ९,००० लिटर. हा हिशेब आमच्या घरात इस्त्रीवाल्यालाही पाठ आहे.

कठीण प्रवाळांच्या वाटेला ते जात नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत आणि भावोजी सिग्नलला रात्री बारालाही थांबणारे गृहस्थ. "त्यांना तर याच्या दुप्पट फ्लो लागतो," असं मात्र हळहळून सांगतात. ताई म्हणते, सरकारने एवढा एक कायदा माझ्यासाठी केला.

रात्री जेवणं आटोपली की कार्यक्रम सुरू. प्रवाळांच्या खाण्याची पूड चिमूटभर पाण्यात सोडायची, घरातले दिवे बंद, टॉर्च लावायचा आणि कण कुठून कुठे जातात ते बघायचं. भाच्याने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करायचं. त्याची दहावी असली तरी. "तो कण बघ... तो... अरे, तिथेच घुटमळला! डेड स्पॉट!" मग बाही वर करून, बाहेरच्या चुंबकाला अंगठा लावून, "जरासा डावीकडे." डावीकडे सरकवल्यावर उजव्या कोपऱ्यातली वाळू उडून खालची काच दिसू लागते. मग दुसरा जरासा उजवीकडे. ताईने दिवाणखान्यातला सोफा खिडकीखाली हलवायला सांगून किती दिवाळ्या झाल्या, ते विचारू नका.

एका अॅनिमोनीने, म्हणजे समुद्रफुलाने, मात्र भावोजींचं पाणी जोखलं. त्याच्यासाठी खडकात खास खोबण, प्रकाश आणि झोत मोजूनमापून तयार केला होता. अॅनिमोनी रात्रीतून चालत थेट पंपाजवळच्या काचेवर जाऊन चिकटलं. चालतं अॅनिमोनी पंख्यात सापडलं तर त्याचा चुरा होतो आणि टँकभर विष पसरतं. भावोजींनी पहाटे चारला ताईच्या भांडी घासायच्या नव्या स्पंजचं कुंपण पंपाला घातलं आणि नाश्त्यापर्यंत स्टुलावर बसून राहिले. अॅनिमोनी शेवटी मागच्या काचेवर, जिथून कुणालाही दिसणार नाही अशा जागी स्थायिक झालं. "त्याला तिथला फ्लो आवडलाय," भावोजी अभिमानाने सांगतात. न दिसणारं अॅनिमोनी दाखवायला पाहुण्यांना भिंतीला गाल टेकवून उभं करतात.

वीज गेली की इतरांना लिफ्ट आठवते, यांना प्राणवायू. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, मग उरलं तर पंखा. मे महिन्यात ताईच्या सासूबाई वर्तमानपत्राने वारा घेत म्हणतात, "आम्हालाही कुणी प्रवाळ म्हणा रे."

मुंजीच्या हॉलमध्येही हा माणूस स्वस्थ बसत नाही. पंगतीच्या टोकाला बसलेल्या आजोबांना वारा लागत नाही, हे यजमानांच्या आधी यांना कळतं. मग ते उठून उभे पंखे एकमेकांसमोर तिरके करतात. पत्रावळी उडतात, पण आजोबा खूश होतात.

मालवणला आम्ही सगळे स्नॉर्कलिंगला गेलो, तेव्हा गाइड मासे दाखवत होता आणि भावोजी एका खडकावरच्या शेवाळाकडे बघत तरंगत होते. लाट आली की ते शेवाळ इकडे, परतली की तिकडे. वर आल्यावर म्हणाले, "आपला पंप एकाच बाजूला ढकलतो, हे चूक." घरी येऊन दोन्ही पंप आळीपाळीने चालतील असा टायमर लावला. तेव्हापासून टँकमधल्या लेदर कोरल या मऊ प्रवाळाने आपला मेणचट पापुद्रा टाकायचं काम वेळच्या वेळी उरकायला सुरुवात केली, हे खरं आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने ते नागपूरला गेले. जाताना पंपांभोवती काचेवर मार्करने खुणा करून ठेवल्या आणि कुणीही हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. तिसऱ्या रात्री व्हिडिओ कॉल आला. ताईची तब्येत, भाच्याचा अभ्यास, सगळं एका वाक्यात उरकून, "टँक दाखव."

ताईने मोबाइल टँककडे वळवला. तिकडे शांतता.

"डावा पंप कुणी हलवला?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. ताई खाकरली. "अहो, त्या मागच्या खडकाशी कचरा साचत होता."

"किती फिरवलास?"

"जरासाच."

"थांब, मोबाइल जवळ ने. हं." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "अजून किंचित वर कर. आणि ती पूड सोड बघू चिमूटभर."

ताई दिवे बंद करायला उठली.