तुंबा गुंडी

बंगळुरूत येऊन मला सोळा वर्षं झाली, पण माझं कन्नड दोन शब्दांच्या पुढे सरकलेलं नाही. पहिला शब्द ‘गुंडी’. आमच्या आजीच्या तोंडी गुंडी म्हणजे सदऱ्याचं बटण. इथं गुंडी म्हणजे खड्डा. दुसरा ‘तुंबा’, म्हणजे पुष्कळ. रिक्षावाला वळणावर मान वळवून ‘तुंबा गुंडी, सार’ म्हणतो, तेव्हा मराठी कानाला त्यात तुंबलेलं गटारही ऐकू येतं. पावसाळ्यात तेही खोटं नसतं.

आमच्या भाच्याला या गुंड्यांवर उतारा सापडला. त्याच्याकडे जिम्नी आहे, पाच दारांची, जून 2023 मध्ये बाजारात आलेली ती. डोंगर चढायला जन्मलेली आणि सिल्क बोर्डच्या सिग्नलला वाढलेली. एका रविवारी तो घरी आला आणि चहाच्या आधीच म्हणाला, ‘मामा, गाडी दोन इंच उचलतोय.’

मी विचारलं, ‘का, पंक्चर झालीय?’

त्यानं खिशातून कागद काढला. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. आमच्या घरात लग्न सोडून दुसऱ्या कशाचाही इतका साधकबाधक विचार कधी झालेला नाही, आणि लग्नाचाही झाला असं मी शपथेवर सांगणार नाही.

डावी बाजू भारदस्त होती. लांब स्प्रिंगा आणि लांब शॉकअब्सॉर्बर घातले की गाडीचं नाक चढावाला टेकत नाही, पोट उंचवट्यावर घासत नाही, चाकाला खालीवर व्हायला जागा मिळते. पोटाचा मुद्दा मला पटला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून लाटेसारखी जाते. आमच्या गल्लीतल्या हंपनं उंचीच्या बाबतीत सढळ हात ठेवला आहे आणि रुंदीच्या बाबतीत काटकसर केली आहे. त्यावरून गाडी जात नाही, ती तो ओलांडते, उंबरा ओलांडावा तसा.

पण उजवी बाजू वाचताना भाच्याचा आवाज उतरू लागला. गाडीचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे आसाच्या मध्ये लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा. जिम्नीचे पुढचेमागचे दोन्ही आस अखंड, चाकांनाच बांधलेले. स्प्रिंगा लांब केल्या की वरचं खोकं उंचावतं. गोळा होता तिथंच राहतो. जमिनीपासूनचे कंपनीनं सांगितलेले 210 मिलिमीटर 210च. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं म्हणून पाय काही चिखलातून बाहेर येत नाहीत.

‘मग गोळा कसा उचलायचा?’

‘टायर मोठा करायचा.’ त्याचंही गणित कागदाच्या मागे होतं. 195/80 काढून 215/75 घातला तर टायर साडेदहा मिलिमीटरनं उंच होतो आणि त्यातले निम्मे आसाखाली पडतात. म्हणजे पाच. माझ्या चपलेचा तळ याहून जाड आहे.

शिवाय उचललेली गाडी सरळ चालेलच असं नाही. हात सोडले तरी सायकल सरळ जाते, त्यात तिच्या मागे कललेल्या पुढच्या फाट्याचा हातभार असतो. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असा कल दिलेला असतो. खोकं वर गेलं की तो कमी होतो आणि स्टिअरिंग चुळबुळ करू लागतं. मग वेगळे बुश घाला. आसाला गाडीच्या मधोमध धरणारा एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक वर गेलं की तो आसाला एका अंगाला ओढतो. मग लांबी बदलता येणारा दांडा घाला. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात. तो खाली करा. वजन वर सरकलं, वळणावर जपा. दोन इंच वर जायला माणसाला किती खाली वाकावं लागतं, हे जेसी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन बघावं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या प्रकरणात तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली. मी बोटं मोजली. स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर, बुश, दांडा, टायर.

मला प्रश्न एवढाच पडला की मूळ रचनेतला बदल नक्की कोणी केला? गाडी कारखान्यातून जशी आली तशीच आहे. रस्ता मात्र ज्या नकाशातून निघाला त्यात डबकं नव्हतं. जुनं डांबर न खरवडता त्यावर नवं ओततात, असे थर चढत चढत कित्येक गल्ल्यांत रस्ताच घराच्या ओट्याच्या वर गेला आहे. पाऊस आला की पाणी आधी घराची बेल वाजवतं. मग ज्यांना परवडतं ते पायाखाली जॅक लावून अख्खं घर उचलून घेतात. रस्ता उचलला, घर उचललं, आता गाडी. गटार तेवढं मूळ रचनेशी प्रामाणिक आहे, आणि 2025 पासून त्याला पाचपैकी एक महापालिका मिळाली आहे, पूर्वी एकच होती.

कागदावर न लिहिलेला एक पर्यायही होता. सप्टेंबर 2022 मध्ये बाहेरचा रिंग रोड बुडाला, तेव्हा संगणकवाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कामाला गेले. ट्रॅक्टरला उंच व्हायला किट लागत नाही. भाच्याला सुचवलं, तर म्हणाला त्याला पार्किंग मिळत नाही.

त्यानं गाडी उचललीच. लाखाच्या घरात गेले. सकलेशपूरच्या बाजूला एका कॉफीच्या मळ्यात ती दगडांवरून बकरीसारखी चढली, याचा व्हिडिओ त्यानं मला तीनदा दाखवला, आणि खरं सांगतो, दोनदा मी मनापासून पाहिला.

माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, देवळात न्यायचं तेव्हा पंचाईत झाली. वय 82, गुडघे तिच्याच वयाचे. आधीच ती त्या गाडीत चढताना देवाचं नाव घ्यायची; दोन इंचांनंतर सगळं स्तोत्र लागू लागलं. भाच्यानं निळं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि ते मागे डिकीत कायमचं ठेवलं.

परवा संध्याकाळी पाऊस होता. फाटकासमोर पाणी साचलेलं, खाली काय आहे ते दिसत नव्हतं. भाच्यानं दार उघडलं, स्टूल खाली ठेवलं, आणि ते त्याच्या हातातून सुटून बैठकीपर्यंत पाण्यात गेलं.

आईनं वरून नीट पाहिलं. ‘तू जा बाबा,’ ती म्हणाली, ‘मी उद्या रिक्षानं जाईन.’

सकाळी पाणी ओसरलं होतं. स्टूल खड्ड्यातच होतं, आणि रात्रीत कुणीतरी त्याला लाल फडकं बांधून गेलं होतं. दुचाकीवाले त्याला वळसा घालून जात होते.