दाखल्याचा दाखला

बेचाळिशीत माणसाला एकतर मॅरेथॉन सुचते नाहीतर नवं करिअर. गुडघ्यांमुळे मला दुसरं सुचलं. ऑफिसात मी आयटी सपोर्टला आहे, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढतो. या हातगुणाचं डिजिटल फॉरेन्सिकमध्ये सोनं होईल, अशी माझी खात्री पटली आणि मी एक्सेल उघडलं.

त्यात सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्रांचा तक्ता मांडला : पायथ्याशी सिक्युरिटी प्लस, कळसाला सीआयएसएसपी. मधल्या पायऱ्यांना कोणते रंग द्यायचे, यात तीन रविवार गेले.

सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव लागतो. परीक्षा आधी पास झालात तर नुसते 'असोसिएट' म्हणून बसा, सहा वर्षांत अनुभव जमवा. म्हणजे साखरपुडा आज, लग्न नोकरी लागल्यावर! ओएससीपीची परीक्षा तर २३ तास ४५ मिनिटांची, तीही कॅमेऱ्याच्या पहाऱ्यात, आणि वर अहवाल लिहायला २४ तास. बायको म्हणाली, "मालिकेच्या पहिल्या जाहिरातीला घोरायला लागतोस तू. जगासमोर घोरणार?"

जीआयएसीच्या परीक्षेला पुस्तकं नेता येतात म्हणून मी हरखलो. पण उत्तर कुठल्या पानावर आहे याची यादी आधी आपणच करायची. दहावीत जिच्यापायी वर्गाबाहेर काढलं असतं, तिला इथे 'इंडेक्स' म्हणतात. फीचा आकडा डॉलरमध्ये होता तोवर लोभस दिसत होता. मी तो रुपयांत केला आणि ती ओळ करडी केली.

बरं, एवढं करून पदरात पडलेलं टिकतं किती? सिक्युरिटी प्लस तीन वर्षं. सीआयएसएसपीवाल्याला दर तीन वर्षांत १२० गुणांचं शिक्षण दाखवावं लागतं, शिवाय वार्षिक फी. हा तर हयातीचा दाखला! फरक एवढाच, की पेन्शनर तो देऊन पैसे घेतो.

आमचे सासरे नाना कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. तक्ता पाहून म्हणाले, "जावईबापू, दाखला तुम्हाला नको, पुराव्याला हवा." मग त्यांच्या बोलण्यात जालन्याचा खटला आला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून भांडण. सरकारी कॅमेऱ्यात सगळं टिपलेलं, तरी दाखल्यावाचून अडलं. २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने ठणकावलं : मूळ यंत्र हजर करत नसाल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चा दाखला हवाच. १ जुलै २०२४पासून त्या जागी नव्या कायद्याचं कलम ६३ आलं. आता दाखल्याचे दोन भाग, यंत्र सांभाळणाऱ्याची सही, तज्ज्ञाची सही, आणि फाइलची हॅश. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. (हे नानांना मी समजावलं. सबंध प्रकरणात माझी तेवढीच सरशी.)

आठ महिन्यांनी सिक्युरिटी प्लस पास झालो. प्रमाणपत्र ऑनलाइन आलं. ऑफिसच्या प्रिंटरवर छापलं, एकदाही न अडकता, आणि पेढ्यांसकट नानांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, उलटून पाठ पाहिली.

"ही संगणकातून काढलेली प्रत. ६३ खालचा दाखला कुठाय?"

"नाना, मीच देतो की."

"यंत्र सांभाळणारे म्हणून द्या. तज्ज्ञाची सही कुणाची?"

"माझीच. आता मी तज्ज्ञ झालो ना!"

"कशावरून?"

मी कागदाकडे बोट दाखवलं. नानांनी पेढा उचलला.