मिरचीच्या गावातला योगी

स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत साधकाची कुटी कशी असावी ते सांगितलं आहे. दार लहान, शेणाने सारवलेली, आणि खिडकी मुळीच नको. खिडकी नको म्हटल्यावर मला शंका येते की हा गृहस्थ मिरचीच्या हंगामात नंदुरबारला मुक्काम करून गेला असावा.

हंगामात आमच्या शहराभोवती पथाऱ्या पडतात. व्यापाऱ्यांनी घेतलेली ओली लाल मिरची मोकळ्या जमिनीवर अंथरायची आणि उन्हात वाळवायची. नजर जाईल तिथवर लालच लाल. फोटो काढायला लांबून येणारे लोक एक फोटो काढतात आणि दुसऱ्याला शिंकतात. अशा हवेत पहाटे गच्चीवर बसून ‘दीर्घ श्वास घ्या’ हे ऐकायला धैर्य लागतं आणि पाळायला रुमाल. इथे कपालभाती शिकावी लागत नाही. वारा पथारीकडून आला की ती आपोआप सुरू होते आणि वारा फिरेपर्यंत थांबत नाही. जलनेतीला पाणीसुद्धा लागत नाही.

त्याच पथारीवर बायका दिवसभर देठ खुडत बसलेल्या असतात. तोंडावर पदर, बोटांची आग, मांडी घातलेली, पाठ ताठ. ठसका नाही की शिंक नाही. गप्पा मात्र अखंड. पतंजलीने पाचव्या अंगाला प्रत्याहार म्हटलं, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून मागे वळवणं. आम्ही मंडळी अजून तिसऱ्या अंगावर, गुडघ्याला डोकं टेकवण्याच्या खटपटीत आहोत.

तसं पाहिलं तर योग ही आमची घरचीच विद्या. तोरणमाळला गोरखनाथांचं मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुहा आहे. हठयोगाची परंपरा ज्या नावांपासून सांगतात त्यांतली दोन नावं आमच्या सातपुड्यात ठाण मांडून आहेत. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातचे आदिवासी भाविक येतात, कित्येक जण घाट पायी चढून. आम्ही सात पायरी घाटातून जीपने जातो, वर पोचल्यावर ‘कंबर धरली’ म्हणतो आणि यशवंत तलावाकाठी अर्धमत्स्येंद्रासन घालून ती सोडवायला बघतो. मच्छिंद्रनाथांच्या दारात त्यांच्याच नावाचं आसन, तेही अर्धं.

2015 पासून 21 जूनला तर विचारूच नका. जिल्हाभर चटया पसरतात. तो दिवस नेमका पेरणीच्या धांदलीचा. एका वर्षी आम्ही मैदानावर ओळीने शवासनात पडलो होतो. बियाण्याची पिशवी घेऊन चाललेले एक बाबा सायकल थांबवून उतरले, माझ्या तोंडावर वाकले आणि काळजीने म्हणाले, “काय व्हयनं भाऊ?” शवाने उत्तर द्यावं की नाही याबद्दल शास्त्रात काही सापडलं नाही.

खरी गोम पहिल्या दोन अंगांत आहे. यम आणि नियम. ते गाळून सगळे थेट आसनावर उडी मारतात, कारण आसनाला चटई पुरते, यमाला शेजारी लागतात. आमच्या पहाटेच्या वर्गातली मंडळी ॐकार संपला की पिशव्या घेऊन बाजारात जातात. तिथे अक्राणीकडची एखादी बाई चारोळी घेऊन बसलेली असते. आधी ‘चव बघू’ म्हणून चिमूटभर तोंडात. हा अस्तेयाचा निकाल. मग ‘परवा तर स्वस्त होती’, हा सत्याचा. मग सातपुडा उतरून आलेल्या त्या बाईशी पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत. तिला मी हिंसाच म्हणतो. पाच रुपये वाचल्याचा जो आनंद होतो त्याला आमचे एक ज्येष्ठ साधक ‘संतोष’ म्हणतात.

अपरिग्रहाचं नाव घरात काढायची सोय नाही. वर्षाची मिरची भरायची वेळ आली की सौभाग्यवती एक रंगासाठी, एक तिखटासाठी आणि एक ‘पुण्याच्या नणंदेसाठी’ अशी घेते. मी एकदा साठा न करण्याचं व्रत समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि संध्याकाळी शेवभाजी बिनतिखटाची केली. अपरिग्रहावर आमच्याकडे पुन्हा चर्चा झालेली नाही.

ध्यानासाठी मात्र या जिल्ह्यात एक अव्वल जागा आहे: नवापूर रेल्वे स्टेशन. 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा स्टेशन आधीच उभं होतं, आणि सीमा गेली फलाटाच्या मधून. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. एक बाकसुद्धा दोन राज्यांत विभागलेला आहे. त्याच्या मधोमध बसलं की द्वैत-अद्वैत एका बैठकीत उरकतं. सुरतेकडची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती, म्हणून मी तिथे डोळे मिटून बसलो. देह दोन राज्यांत, मी कुठल्याच नाही, अशी छान तंद्री लागत आली होती.

एवढ्यात कुणीतरी खांद्याला हात लावला.

“काका, जरा गुजरातेत सरका ना. मला महाराष्ट्रात बसायचंय.”

मी सरकलो. त्याने मांडीवर पिशवी ठेवली, तेव्हा आत काचेचं काहीतरी किणकिणलं.