पाटी धरणारा पोरगा

"अगं, पोरगा आला म्हणं रात्री?"

"आला की मावशी. चारला पॅकअप झालं, सहाला दारात. निजलाय अजून, हळू बोला."

"सिनेमावाल्याच्या हाताखाली लागलाय नव्हं? शिकवतोय काय तो?"

"कसलं शिकवणं! पाटी धरायला लावलंय. क्लॅप म्हणतात. सीन, शॉट, टेक लिहायचं, खाडकन वाजवायचं आणि कॅमेऱ्यासमोरनं पळायचं. वर कंटिन्युइटी. हिरॉइनीनं कप कुठल्या हातात धरलेला, पदर कुठल्या खांद्यावर, सगळं वहीत. घरात पाय ठेवला आणि मला म्हणतोय, आई, मागल्या खेपेला तुझ्या डाव्या हातात पाचच बांगड्या होत्या."

"होत्या काय?"

"होत्या की! सहावी नंतर भरली."

"मग शिकालाय की गं."

"पण डायरेक्टर धड बोलत नाही त्याच्याशी. कॉलेजात घातला असता तर निदान कागद तरी मिळाला असता."

"कागदाचं काय लोणचं घालणार हाईस? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ बघतीस नव्हं रोज? बाबूराव पेंटरांनी १९१७ ला आपल्या कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेरासुद्धा स्वतः बनवलेला. शांताराम पोरसवदा असताना तिथं शिरले, पडेल ते काम केलं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये पेंटरांनी त्यांनाच शेतकरी केलं. कुणी दिलता कागद?"

"आणि मग दामले-फत्तेलालांबरोबर बाहेर पडून १९२९ ला प्रभात काढली. गुरूला सोडून!"

"सोडणारच. तिथंच बसले असते तर प्रभात कुणी काढली असती, तुझ्या सासऱ्यानं?"

"तो काळ वेगळा हो."

"बरं, आत्ताचं सांगतो. मुंबईचा चैतन्य ताम्हाणे. 'कोर्ट'ला नॅशनल अवॉर्ड घेतलेला, तरी शिकायला गेला. ते रोलेक्स घड्याळवाले एक मोठा कलाकार आणि एक तरुण अशी जोडी लावून देतात. ह्याची २०१६ ला लागली अल्फोन्सो क्वारॉनशी."

"लग्न जमवल्यागत सांगालाय."

"तसंच म्हण. क्वारॉन तेव्हा मेक्सिकोत 'रोमा' काढत होता, स्वतःच्या लहानपणावर, घरात सांभाळणाऱ्या बाईवर. छायाचित्रणपण स्वतःच केलेलं. आणि आपला ताम्हाणे सेटवर."

"पाटी धरून?"

"नाही गं, बघत. चालू कामात एवढा मोठा माणूस कुठं अडतो आणि अडल्यावर काय करतो, हे फळ्यावर लिहून कोण दाखवणार?"

"शिकून आला आणि काढलं काय?"

"तीच तर गंमत. 'द डिसायपल'. २०२० ला व्हेनिसला पटकथेचं बक्षीस, क्वारॉन स्वतः कार्यकारी निर्माता. गोष्ट कसली, तर शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या पोराची. आजारी गुरूची सेवा करतो, रियाज करतो, जवानी घालवतो, आणि गाणं काही वर उठत नाही."

"अगं बाई! एवढा गुरू मिळाला आणि असलं अभद्र?"

"अभद्र कसलं, पोरगा शहाणा. गुरूचाच पिक्चर परत काढला नाही त्यानं. 'रोमा' काळा-पांढरा, त्यांच्या घरातला. ह्याचा रंगीत, आपल्या मुंबईतला, तानपुऱ्याचा. मला तर तेच आवडलं. नाहीतर चार दिवस परदेशी जाऊन आलेली पोरं बघतीस नव्हं, चहापण तिकडचा करतात."

"आमच्याचं त्या गाणाऱ्यागत झालं तर?"

"झालं तर झालं, आत्तापासनं काय रडालीस? ते जाऊ दे, पैसे देतात काय?"

"जेवण, चहा, जायला-यायला गाडी. पैशाचं शेड्यूल संपल्यावर बघू म्हणालेत."

"हे मात्र चालायचं नाही. उठला की सांग, पुढच्या कामाला आकडा आधी ठरवून घे. शिकवतो म्हणून फुकट राबवणारे सगळ्या धंद्यात असतात. गुरू तो गुरू, हिशेब तो हिशेब."

"त्याला लाज वाटते मागायला."

"मग कसला डायरेक्टर होणार? अर्धं आयुष्य निर्मात्याकडं पैसेच मागायचे असतात."

"तेही खरंच. मावशी, इचलकरंजीचं स्थळ आलंय. मुलगा काय करतो विचारालेत."

"डायरेक्टरचा असिस्टंट सांग. खोटं हाय काय?"

"आणि पगार विचारला तर?"

"विचारणारच. इचलकरंजीचे हाईत ते."