गुपित सांगा, पण मोठ्यानं!

गुपिताच्या बाबतीत आपला कायदा भलताच सोवळा आहे. अशिलानं वकिलाला विश्वासानं जे सांगितलं, ते अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलानं कुणाला सांगायचं नाही. खटला संपो, वकीलपत्र सुटो, तोंडाचं कुलूप कायम. इंग्रजांच्या १८७२च्या पुरावा कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२मध्ये आहे. (पुढचा गुन्हा कसा करायचा हे वकिलाला विचारायला गेलात तर कवच नाही, उगाच उत्साह नको.) हेच बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि दुभाष्यावरही आहे. म्हणजे अशील आणि वकील यांच्यामध्ये कधीकधी तिसरा माणूस बसतो, हे दीडशे वर्षांपूर्वी साहेबालाही ठाऊक होतं.

त्या तिसऱ्या माणसाच्या तोंडाला कुलूप लावून झालं. त्याला आणायचं कुणी, एवढंच राहून गेलं.

२०२५मध्ये ईडीनं दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स धाडलं, तेव्हा देशभरच्या वकील संघटना खवळून उठल्या. ईडीनं समन्स मागे घेतलं, सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबरला बजावलं की अशिलाची माहिती काढायला वकिलाला असं सरसकट बोलावता येणार नाही. मोठ्या वकिलांच्या मोठ्या अशिलांची गुपितं वाचली. उत्तम झालं. आता जरा तालुक्याला या.

समजा, मेळघाटातली एक कोरकू बाई मोफत वकील मागायला आली आहे. तिचा तो हक्कच आहे. घटनेत १९७६ साली कलम ३९-अ आलं, १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, आणि बाई, मूल, आदिवासी, दलित, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न विचारता वकील द्यायचं ठरलं. तर वकील मिळाला. जागा कुठली? व्हरांड्यातलं बाकडं. शेजारी पुढच्या तारखेचे चार पक्षकार, समोर स्टॅम्पवाला, पलीकडे कान टवकारून पट्टेवाला. वकीलसाहेबांना कोरकू येत नाही, बाईला मराठी बाजारापुरती. सोबत दीर आलाय, त्याला दोन्ही येतात. झाली सोय!

“घरात मारतं कोण, विचारा.” दीर विचारतो. बाई बराच वेळ बोलते, मध्येच पदर तोंडाला लावते, दंड दाखवते. दीर ऐकून घेतो आणि सांगतो, “काय नाय साहेब, किरकोळ भांडन हाय. वैनीचं डोकं तापट.” फाइलीत नोंद पडते: पक्षकाराशी सविस्तर चर्चा केली, तडजोडीस तयार.

पुण्यात बांधकामावरच्या ओडिया मजुराची मजुरी थकली, तर त्याचं म्हणणं उलगडून सांगायला येतो तो मुकादम. ज्यानं पैसे दाबले, त्याच्याच तोंडून तक्रार. अशी मितव्ययी न्यायव्यवस्था जगात दुसरीकडे कुठं नसावी.

पण खरी कमाल कोठडीत. वकील आणि कैदी यांची भेट अंमलदाराच्या नजरेसमोर व्हावी, पण त्याला ऐकू जाऊ नये, असा संकेत आहे. गडचिरोलीत पकडलेल्या पोराला फक्त माडिया येते. बाहेरून आलेल्या वकिलाला ती येत नाही. येते कुणाला? गावाकडच्याच शिपायाला. म्हणजे पोलिसाच्या कानाआड ठेवायची मुलाखत पोलिसाच्याच तोंडून! पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही म्हणा. पण कोठडीतल्या बोलण्यातून वस्तू सापडली की तेवढा भाग पुरावा होतो. पोरानं वकिलाला सांगितलं, शिपायानं ऐकलं. तो वकिलाचा दुभाष्या नव्हे, मग कलम १३२चं कुलूप त्याच्या तोंडाला लागतं कुठं? आता कोण कुणाचा अशील, तुम्हीच ठरवा.

भाषेचं महत्त्व न्यायालयांना कळत नाही, असं म्हणायची सोय नाही. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत हातात द्यायची आणि हिंदीत तोंडी समजावून मोकळं व्हायचं, हे चालणार नाही. साक्ष आरोपीला कळत नसेल तर भर न्यायालयात त्याच्या भाषेत सांगा, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१४ सांगतं. निकालांचे अनुवाद करायला २०१९पासून ‘सुवास’ नावाचं यंत्रही आहे. म्हणजे चारचौघांत बोलायचं त्याची भाषांतरं आहेत, आणि हळू आवाजात सांगायचं ते मात्र दिराच्या भरवशावर.

‘दुभाषे मिळत नाहीत हो,’ हे कायमचं उत्तर. २०११च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीच्या वर होते आणि गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख. निवडणूक आली की याच भाषांत भोंगे वाजवणारे सापडतात. डी.एड. करून घरी बसलेली पोरं पाड्यापाड्यावर आहेत. अडचण खरी असेल तर ती दुसरीच: गावातला दुभाष्या गावाचा भाऊबंद निघतो, आणि संध्याकाळपर्यंत प्रकरण पारावर. मग दूरच्या तालुक्यातला माणूस फोनवर घ्या. साक्षी व्हिडिओवर होतात, जामीन व्हिडिओवर होतात, दुभाष्याला तेवढा प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह कशाला?

वरून एक मानभावी सूर असतोच: वकील फुकट मिळतोय, आणखी काय पाहिजे? अहो, ज्याला अशिलाचं म्हणणंच कळलं नाही तो वकील फुकटातही महाग पडतो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना विनंती एवढीच की आपापल्या जिल्ह्यातल्या बोलींच्या दुभाष्यांची यादी करा, त्यांना बैठकीमागे रोख मानधन द्या, गुप्ततेची सही घ्या, आणि नातेवाईक, मुकादम व पोलीस यांना त्या खुर्चीवर बसू देऊ नका. तोवर वाचकहो, तुमच्या शेतावरच्या, साइटवरच्या, घरकामाच्या कुणाला मोफत वकील हवा असेल तर १५१०० हा क्रमांक द्या. सोबत जाणार असाल तर दोनच गोष्टी हट्टानं मागा: ओळखीचा नसलेला दुभाष्या, आणि दार लावता येईल अशी खोली. मग दार लागलं की तुम्हीही बाहेर थांबा.