मनाचा रकाना

धाराशिव जिल्ह्यात मोफत समुपदेशन मिळत नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा पडलेला चेहरा घेऊन एसटी स्टँडवर उभं राहावं. चहावाला सांगतो, 'टेन्शन घेऊ नका.' पानवाला सांगतो, 'लेकराबाळांकडं बघा.' मेव्हणा फोनवरून 'मन खंबीर करा' म्हणतो आणि गावाकडचा कुणीतरी तुळजापूर झालं असेल तर येरमाळ्यालाही जाऊन यायला सुचवतो. ऐकून घेणारा तेवढा भेटत नाही. सल्ला चालता चालता देता येतो, ऐकायचं म्हटलं की बसावं लागतं.

सरकारने मात्र ऐकायचं ठरवलं. 2015 साली मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आला. आशाताईंनी शेतकऱ्यांच्या घरी जायचं, मनाची विचारपूस करायची आणि ज्याचं दुखणं जास्त वाटेल त्याला दवाखान्याची वाट दाखवायची. कल्पना नामी. पंचाईत झाली ती उत्तरांची.

'आबा, झोप लागते का?'

'या आठवड्यात लाईट रात्रीची हाय. दारं धरू का झोपू?'

'निराश वाटतं का?'

'सोयाबीनचा भाव कळला की वाटतं.'

'कशाची भीती?'

'फोन वाजला की. वसुलीवाल्याचा असतोय.'

आता खूण कोणत्या चौकटीत करायची? आबांना आजार आहे, की विजेचं वेळापत्रक? हे ठरवायचं आशाताईंनी, ज्या स्वतः सरकारी नोकर नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. कामावर मोबदला, आणि तो वाढवून घ्यायचा तर आधी मोर्चा. 'ताई, तुम्हाला तरी झोप लागते का?' असा प्रश्न असलेला फॉर्म अजून छापायचा आहे.

2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पाणी असं शिरलं की पिकाबरोबर मातीही गेली. मग पंचनामे झाले. पंचनाम्यात पिकाला रकाना आहे, खरडलेल्या जमिनीला आहे, पडलेल्या भिंतीला आहे. मदतीच्या निकषांत दुभत्या मोठ्या जनावराचे 37,500 आणि ओढकामाच्या जनावराचे 32,000 रुपये धरलेले आहेत. मनाला रकाना नाही. त्यात तलाठ्याचा तरी काय दोष? मन दुभतं नाही आणि ओढकामाचंही नाही. शिवाय वाहून गेलेल्या मनाचा फोटो कुठून आणायचा?

कायद्याने मात्र मनाची फार काळजी घेतली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा. मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क, असं तो म्हणतो. पुढे तर कहरच करतो: दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळावेत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो! ज्या देशात कार्डाची झेरॉक्स, झेरॉक्सवर सही आणि सहीवर शिक्का लागतो, तिथे संसदेने 'कार्ड नसलं तरी चालेल' असं लिहून ठेवलं. आमच्याकडे हे कुणी खरं मानत नाही. म्हणूनच बहुधा कुणी हक्क मागायला जात नाही.

गेलाच कुणी, तर सरकारी दवाखान्याच्या दारातच ओळखीचा भेटतो. 'कुणाला बघायला आलात?' अशा वेळी मूळव्याध सांगणं सोपं जातं. मूळव्याधीने सोयरीक मोडत नाही.

यंत्रणेची खरी कसोशी बघायची असेल, तर ती शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर बघावी. जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते. कर्ज होतं का? ते अधिकृत संस्थेचं होतं का? नापिकी होती का? वसुलीचा तगादा होता का? एवढ्या बारकाईने त्या माणसाची चौकशी हयातीत कुणी केलेली नसते. मग शेरा पडतो: पात्र किंवा अपात्र. पात्र ठरल्यास कुटुंबाला 1 लाख रुपये. 2006 पासूनची वाटणी अशी की 30,000 हातात आणि 70,000 ठेवीत. जन्मभर कुठल्याच योजनेत न बसलेला माणूस अखेर एकदाचा बसतो.

त्याआधी फिरवायचा नंबर आहे 14416. टेली मानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाईन. 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. यात गंमत काहीच नाही, म्हणून एवढा मजकूर कात्रीने कापून ठेवावा. वसुलीवाला आपल्याला न चुकता फोन करतो, हा आपण करायचा असतो, एवढाच फरक. दोन खोल्यांच्या घरात बोलायची चोरी वाटली तर बांधावर जावं. तिथे रेंजही बरी असते.

राहता राहिली आमची एक किरकोळ मागणी. पुढच्या पंचनाम्याच्या नमुन्यात 'मन' असा रकाना घालावा. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, काय हवं ते जोडायला सांगावं. आम्हाला सवय आहे. रांग लावावी, सर्व्हर डाऊन ठेवावा, साहेब मीटिंगला गेलेले असावेत. एकच अट कडक पाळावी: अर्जासोबत अर्जदाराच्या हयातीचा दाखला नसेल, तर तो अर्ज उशिरा आला असं न म्हणता, सरकार उशिरा आलं अशी नोंद करावी.